नकाशांत गोठा कोठें आहे ?

(नगररचना व ग्रामरचना या विषयांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या परिषदेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)

अध्यक्षमहाराज, विद्यार्थी बंधुभगिनींनो, आणि मागच्या बाकांवर अंग चोरून बसलेल्या शेतकरी मायबापांनो,

आपण नगरें व गांवें आखण्याचें शास्त्र शिकणारे, आणि आम्ही खेड्यांतल्या पोरांस बाराखडी व पाढे शिकविणारे. कंपास आमच्याहि हातीं असतो, पण तो फळ्यावर वर्तुळ काढण्यापुरता. तेव्हां आमच्या तोंडून शास्त्र ऐकावें म्हणून चालकांनीं आम्हांस बोलावलें नसावें, हें आम्ही ओळखून आहों. आपण कागदावर जी रेघ ओढाल तिच्या आंत जन्मभर राहणारीं माणसें आमच्या ओळखीचीं आहेत. त्यांच्या वतीनें चार शब्द सांगावे, एवढ्यासाठीं आम्ही आलों. कांहीं शब्द कडू लागतील. ते आपण पोटांत घालावे.

शहरांतील पुष्कळ शिकलेल्या लोकांची अशी समजूत दिसते कीं, रचना होते ती शहराची, आणि खेडें म्हणजे पावसाळ्यांतल्या अळंब्यांप्रमाणें मिळेल तेथें उगवतें. ही समजूत साफ खोटी आहे. आमच्या देशावर गांवच्या जमिनीस दोन नांवें आहेत: काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. जुन्या माणसांनीं घरांसाठीं सहसा उंचवट्याची, पाणी न साठणारी, पिकाला निकस अशी जागा धरली आणि काळी जमीन नांगरासाठीं राखली. गुरांस गायरान, मळणीस खळीं, पाण्यास आड व ओढा, मेलेल्यांस मसणवट, या सर्वांची जागा ठरलेली होती. कोणत्याहि कॉलेजचें तोंड न पाहिलेल्या कुणब्यांची ही आखणी, आणि ती शेंकडों वर्षें चालली.

पण तीच आखणी दुसऱ्या बाजूनें पहा. महारवाडा आणि मांगवाडा गांवकुसाबाहेर. त्यांचा पाणवठा निराळा. त्यांची वाट निराळी. हीहि आखणीच होती. ती पावसापाण्यानें केली नव्हती, माणसांनीं केली होती, आणि ज्यांनीं केली त्यांची सोय तींत नीट पाहिलेली होती. ‘आमचें जुनें खेडें किती साजिरें’ असें गाणें गाणाऱ्यांस आम्ही विचारतों, बाबांनो, आपण हें गाणें गांवाच्या कोणत्या अंगास उभें राहून गातां ? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४८ सालीं घटना समितींत खेड्याच्या या स्तुतीचा कडक समाचार घेतला. त्यांनीं खेड्याची बाहेरची बाजू पाहिलेली होती. आणि महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं पुण्यांत आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला, तें काम आमच्या मतें नगररचनेचेंच होतें, जरी त्याचा नकाशा कोणी काढला नाहीं. पाणी कोणाच्या दारापर्यंत यावें हाच तर या शास्त्राचा पहिला प्रश्न.

तेव्हां गांव पाहावयास याल तेव्हां दोन गोष्टी विचारा. ही जागा येथें कां आहे ? आणि ती येथें असण्यांत सोय कोणाची आहे ? यांतला पहिलाच प्रश्न विचारून परत गेलांत तर जुन्याचे भक्त व्हाल. दुसराच विचारलात तर पांढरी मोडून काळीवर वस्ती बसवाल. दोन्ही प्रकार आम्हीं पाहिले आहेत.

आमची नोकरी किल्लारीच्या मुलखांत आहे. तेथें काय घडलें तें पुस्तकांत आपण वाचलें असेल, तरी थोडक्यांत सांगतों. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास लातूर जिल्हा आणि तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या भागांत धरणीकंप झाला. गणपतीचें विसर्जन करून लोक रात्रीं उशिरां निजले होते. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. आम्ही तेव्हां शाळकरी पोर होतों.

आतां हीं माणसें मेलीं कशानें ? धरणी हलली खरी; पण माणसें मारलीं भिंतींनीं. आमच्याकडचीं जुनीं घरें म्हणजे दोन दोन हात जाडीच्या दगडी भिंती. बाहेरचा थर निराळा, आंतला निराळा, मध्यें गाळ व खपरांचा भराव; आणि दोन्ही थर एकमेकांस धरून ठेवील असा आरपार दगड क्वचितच घातलेला. वर माळवद. माळवद गळूं नये म्हणून पावसाळ्याआधीं त्यावर मातीचा नवा थर चढवावयाचा, असें वर्षानुवर्षें चाललेलें, त्यामुळें डोक्यावर केवढें ओझें ! पुष्कळ ठिकाणीं खांब-तुळयांचा लांकडी सांगाडा उभाच राहिला आणि दगड तेवढे निजलेल्यांवर कोसळले. म्हणजे सुताराचें काम टिकलें, गवंड्याचें ढासळलें. आणि गवंड्यासहि दोष कसा द्यावा? आरपार दगड घालावा, भिंतीभोंवतीं पट्टा बांधावा, हें ज्यांस ठाऊक होतें ते त्याच्यापर्यंत कधीं आलेच नव्हते. आपल्या विद्येचा आणि आमच्या गवंड्याचा परिचय झाला तो आठ हजार माणसें गेल्यावर.

पुढें सरकारनें ५२ गांवें उठवून नव्या जागीं वसविलीं. जागतिक बँकेनें कर्ज दिलें, देशोदेशींच्या दात्यांनीं घरें बांधून दिलीं. ज्यांनीं त्या दिवसांत आमच्या लोकांच्या अंगावर पांघरूण घातलें त्यांचे उपकार आम्ही विसरलों नाहीं, विसरणारहि नाहीं. तरी पण घर कोणास केवढें द्यावयाचें याचें जें माप सरकारनें ठरविलें, तें या परिषदेपुढें मांडणें आमचें कर्तव्य आहे. ज्याच्याजवळ सात हेक्टरांहून अधिक जमीन त्यास ७५० चौरस फुटांचें घर. एक ते सात हेक्टरवाल्यास ४००. आणि एक हेक्टरापर्यंतच्या अल्पभूधारकास व भूमिहीनास २५०. धरणीकंपानें भिंत पाडतांना कोणाचा सातबारा पाहिला नव्हता. घर देतांना मात्र तो पाहण्यांत आला.

२५० चौरस फूट म्हणजे दहा फूट रुंद नि पंचवीस फूट लांब. आपण आतां ज्या दालनांत बसलां आहां त्यांत असलीं कितीतरी घरें बसतील. ज्याची जमीन मोठी त्याचें कुटुंब मोठें, त्याचें धान्य मोठें, म्हणून त्यास जागा अधिक हवी, असा या मापाचा हिशेब असावा. हा हिशेब आम्हांस पटत नाहीं. मोठ्या शेतकऱ्याचा धंदा शेतांत चालतो. त्यास बैल बांधावयास, कडबा रचावयास आपल्या शेतांत जागा आहे. पण ज्यास शेत नाहीं त्याचें काय ? कुंभाराचा धंदा दारांत चालतो. माती भिजत घालावयाची, तुडवावयाची, चाक मांडावयाचें, मडकीं सावलींत वाळवावयाचीं, आणि आवा पेटवावयाचा. लोहाराचा भाता, सुताराचा लांकूडफाटा, चांभाराचें कातडें, बुरुडाचे बांबू, हीं सर्व घराच्या आंत नाहींतर दारापुढेंच असतात. शेतमजुराची दोन शेरडें, चार कोंबड्या तेवढीच त्याची बँक. तीहि उशाशींच बांधावी लागते. म्हणजे ज्यास जमीन नाहीं त्याला घरापाशीं जागा अधिक पाहिजे. माप उलटें झालें !

आणि हें कोणा दुष्टानें मुद्दाम केलें असें आम्ही म्हणत नाहीं. आखणाराच्या मनांत घर म्हणजे निजावयाची व जेवावयाची जागा होती, कारण त्याच्या स्वतःच्या घरांत तेवढेंच होतें. त्याचा धंदा कचेरींत. म्हणून त्यानें आम्हांस शहरांतली कॉलनी दिली: सरळ रुंद रस्ते, चौकोनी तुकडे, ओळीनें घरें. दिसावयास नीटनेटकी; पण गांव पसरलें तें जुन्या गांवाच्या कैक पट. एवढ्या पसाऱ्याला नळ पुरवावयाचा, दिवे लावावयाचे, रस्ते दुरुस्त ठेवावयाचे, तर ग्रामपंचायतीची तिजोरी केवढी ? आणि पसारा कोठें झाला ? काळीवर. पिकत्या जमिनी घेऊन त्यांवर घरें उभीं राहिलीं. जुन्या अडाण्यांनीं जपलेली गोष्ट नव्या शहाण्यांनीं एका दमांत घालविली.

आम्ही सातवीच्या मुलांकडून दरवर्षीं गांवाचा नकाशा काढवितों. दोरी, पावलें आणि चौकटीचा कागद एवढेंच साहित्य. एके वर्षीं पंचायतींतला मूळचा आराखडा आणून मुलांपुढें ठेवला. त्यांत सगळीं घरें होतीं, शाळा होती, बागेसाठीं जागाहि होती. एक मुलगी तो उलटापालटा करून पाहूं लागली. ‘काय शोधतेस ग ?’ म्हटलें, तर म्हणाली, ‘गुरुजी, यांत गोठा कोठें आहे ?’ गोठा नव्हता. कडब्याची गंज नव्हती, गोवऱ्या थापावयाची जागा नव्हती, सरपणास आडोसा नव्हता. मुलांनीं स्वतः काढलेल्या नकाशांत मात्र हें सारें होतें: प्रत्येक स्लॅबच्या घरास चिकटून पत्र्याची एक दोन छपरें, त्यांत म्हैस, त्यांत चूल, त्यांत म्हातारा. बागेच्या जागेंत बाभळी. सरकारनें बांधलेलें घर कित्येकांनीं कोठीच केलें आहे. धान्य व पेट्या आंत, आणि माणसें पत्र्याखालीं. वैशाखांत त्या पत्र्याखालीं एक दुपार काढून पहा म्हणजे कळेल.

कोणी म्हणेल, गुरुजी, लोकांनींच तर जागा बदला म्हणून हट्ट धरला होता. लोकांनाच दगड नको होता. हें खरें आहे. ज्या जागीं लेंकरें गाडलीं गेलीं त्या जागेवर पुन्हा चूल मांडवेना; आणि दगडाचा तर लोकांनीं धसकाच घेतला. पण ‘येथें राहावयाचें नाहीं’ एवढें म्हणणें निराळें, आणि कसें राहावयाचें तें ठरविणें निराळें. पहिलें लोकांनीं सांगितलें, दुसरें त्यांस कोणीं नीट विचारलें ? लक्षांत घ्या, पंचायतींना घटनेंत स्थान देणारी ७३ वी दुरुस्ती अंमलांत आली ती २४ एप्रिल १९९३ रोजीं. धरणीकंप त्यानंतर पांचच महिन्यांनीं. गांवाच्या हातीं गांव देण्याचा कायदा नुकताच झालेला होता, आणि त्याच वेळीं ५२ गांवांची रेघ दुसऱ्या हातांनीं ओढली गेली.

त्याच कामांतली दुसरी बाजू आहे, ती सांगितलीच पाहिजे. जीं गांवें पार कोसळलीं नव्हतीं तेथें लोकांनीं आपलीं घरें जागेवरच दुरुस्त व मजबूत करावीं, पैसे हप्त्याहप्त्यानें सरकारनें द्यावे, अशी योजना झाली. अशीं घरें लाखाहून अधिक. घरमालकानें स्वतः सामान आणावें, गवंडी लावावा, आणि ओव्हरसियरनें पाहणी करावी. या कामीं गांवोगांवच्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यांत आल्या. ज्या बाईनें कधीं चावडीची पायरी चढली नव्हती ती सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब विचारूं लागली, भिंतींत आरपार दगड पडला कीं नाहीं हें पाहूं लागली. कांहीं ठिकाणीं कामें चुकलीं, पैसे दुसरीकडे खर्च झाले, हेंहि झालें. पण त्या घरांत गोठा राहिला, कारण ज्याची म्हैस त्यानेंच भिंत बांधली.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या शास्त्रांतहि ही गोष्ट नवी नाहीं. पॅट्रिक गेडीस नांवाचा एक स्कॉटलंडचा पंडित १९१४ च्या सुमारास हिंदुस्थानांत आला. पुढें मुंबई विद्यापीठांत तो समाजशास्त्राचा अध्यापक होता. त्या काळच्या इंजिनियरांची रीत अशी कीं, दाट वस्ती दिसली कीं तींतून सरळ रस्ता फाडून काढावयाचा. गेडीस आधीं गल्लीबोळांतून पायीं हिंडे. कोणतें घर मोडकळीस आलें आहे, कोणता आड बुजवूं नये, कोणत्या वडाखालीं बायका बसतात, हें पाही. आणि मग एखादी पडकी भिंत काढून, एखादें आवार मोकळें करून भागतें कां याचा विचार करी. साहेब असून त्याला हें सुचलें. आपल्यांतल्या कित्येकांस आपल्याच आजोळच्या गांवांत चार दिवस पायीं हिंडणें अवघड जातें !

राजर्षि शाहू छत्रपतींचें उदाहरण तर आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. कोल्हापुरास त्यांनीं गुळाच्या व्यापारासाठीं शाहूपुरीची पेठ वसविली, आणि रेल्वेच्या कांठीं जयसिंगपूर हें सरळ रस्त्यांचें नवें गांवच आखून दिलें. म्हणजे सरळ रस्त्यास आमचा विरोध आहे असें कोणी समजूं नये. शेतकऱ्याचा गूळ, हळद, मिरची कोठें विकली जाईल, गाडी कोठें उभी राहील, हें आधीं पाहून मग तो रस्ता सरळ केला होता. एकच चौकोनी नकाशा बाजारपेठेस साजतो आणि कुणब्याच्या वस्तीस गळफांस होतो.

आतां शहरांच्या कडेच्या गांवांविषयीं थोडें, कारण येथें बसलेल्या पालकांपैकीं कित्येकांच्या जमिनी तशा आहेत. आपल्याकडे मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं नगररचनेचा कायदा झाला. पुढें १९६६ सालचा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला, तोच आज चालतो. त्याप्रमाणें विकासाचा आराखडा आधीं कच्चा प्रसिद्ध होतो, राजपत्रांत नोटीस येते, आणि ठराविक मुदतींत कोणासहि हरकत घेतां येते. कायदा चांगला, पण राजपत्र आमच्यापैकीं कितीजण वाचतात? आपल्या वावरावर शाळेचें, रस्त्याचें किंवा बागेचें आरक्षण पडलें आहे हें शेतकऱ्यास कळतें तें मुलीच्या लग्नासाठीं तुकडा विकावयास गेल्यावर. तोंवर मुदत टळलेली असते, आणि ज्यांस आराखडा आधीं कळला त्यांनीं शेजारची जमीन केव्हांच घेतलेली असते. ही माहिती घरोघर पोंचविणें हें काम या परिषदेंतल्या पोरांनीं अंगावर घेतलें तर आम्ही त्यांस पदवीहून मोठा मान देऊं.

शेतकऱ्यांनीं मनांत आणलें तर काय होतें तेंहि पहा. पुण्याजवळ हडपसरास मगर मंडळींनीं व त्यांच्या शेजाऱ्यांनीं, सुमारें १२० कुटुंबांनीं, आपल्या चारशें एकरांवर जमिनी एकत्र केल्या आणि बिल्डरास न विकतां स्वतःच कंपनी काढून मगरपट्टा हें नगर उभें केलें. जमीन गेली पण मालकी राहिली. आम्हांस याचा अभिमान वाटतो. तरी एक शंका मनांत राहते: तेथेंहि भाग मिळाला तो ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानानें. त्या मळ्यांत राबणाऱ्या मजुराचा भाग कोणत्या मापानें मोजावयाचा होता ? हा प्रश्न एकट्या त्या कंपनीस विचारून सुटणारा नाहीं. तो तुमच्या शास्त्रास विचारावयाचा आहे.

आज ज्या कामावर तुमच्यापैकीं पुष्कळांस नोकऱ्या मिळतील त्याविषयीं शेवटीं सांगतों. २०२० सालीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना काढली. गांवठाणांची मोजणी ड्रोननें होऊन घरमालकांस मिळकतीचे कागद मिळूं लागले. ज्या घरावर पिढ्यान् पिढ्या कर्ज मिळालें नाहीं त्याला कागद मिळतो ही लहान गोष्ट नव्हे. पण ड्रोनला दिसतें तें छप्पर. त्या छपराखालीं दोन भावांच्या मधली हद्द त्यास दिसत नाहीं. घरांत खपणाऱ्या बाईचें नांव दिसत नाहीं. आणि गांवठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानाच्या कडेला झोंपडी घालून राहणारा पारधी, वडार किंवा परित्यक्ता बाई, यांचा प्रश्न आला कीं कागद अडतो. म्हणजे गांवकूस पडलें तरी गांवकुसाची रेघ राहिलीच कीं काय, असें वाटूं लागतें. म्हणून मोजणीस जाल तेव्हां यंत्र वर उडवा, पण आपण खालीं चाला.

आणि मायबापांनो, आपल्यासहि आमचें सांगणें आहे. ग्रामपंचायतीनें दरवर्षीं गांवाचा विकास आराखडा करावयाचा असतो. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नांवानें ही रीत २०१५ पासून चालू आहे. वर्षांतून निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, आणि त्यांच्या आधीं बायांची निराळी सभा. आपण जातां काय ? सह्या घरीं येतात म्हणून सभेला जात नाहीं, आणि मग पत्र्याखालीं बसून सरकारला शिव्या देतों, हें बरें नव्हे. कुंभारानें आव्याची जागा मागावी, मजुराच्या बायकोनें शेरडांची मागावी, आणि मागितलेलें ठरावाच्या वहींत लिहून घ्यावें. तोंडी मागितलेलें वाऱ्यावर जातें. आपल्या मुलीमुलांस दहावी-बारावीनंतर या शिक्षणास पाठवा. ज्यानें शेणाची पाटी उचलली आहे तो गोठा विसरून नकाशा काढणार नाहीं.

तुमच्यापैकीं ज्यांस गांव पाहावयाचें असेल त्यांनीं आमच्याकडे अवश्य यावें. मात्र परीक्षा संपल्यावर उन्हाळ्यांत येऊं नये. तेव्हां गांव अर्धें ऊसतोडीहून परतलेलें असतें, अर्धें लग्नांत असतें, आणि कोणतेंहि घर कोरडेंच दिसतें. आषाढांत यावें, रस्त्यानें चिखल असतांना. निदान आठ दिवस राहावें. निजावयाची सोय शाळेच्या वऱ्हांड्यांत होईल. सतरंज्या आमच्या आहेत, पांघरूण मात्र ज्याचें त्यानें आणावें, आणि जेवण एकेक दिवस एकेका आळींत, सगळ्या आळ्यांत.